पळसाचं पिवळं, लाखेचं लाल

बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. विणायला मऊ, धुवायला सोपे, लहान मुलांच्या स्वेटरला अगदी योग्य. मीही त्यांचं भरपूर विणलंय. पण ज्याला घरी धागा रंगवायचा आहे, त्याने आधी तो जाळून बघावा. बोटभर तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायचा. खरी लोकर चुरचुरते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपली आपण विझते आणि मागे राहिलेली राख चिमटीत चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झालं की त्याचा टणक मणी होतो. झाडापानांचे रंग त्या धाग्याला धरत नाहीत, कितीही वेळ शिजवा.

म्हणून बाबांच्या हाफ स्वेटरसाठी मी हिमाचलातून पांढरी, न रंगवलेली शुद्ध लोकर मागवली. तीनशे ग्रॅम. बाबा म्हणजे माझे सासरे. हिवाळा असो की पावसाळा, पहाटे अंबाझरी तलावावर फिरायला जाणं त्यांनी कधी सोडलेलं नाही. मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना नागपूर म्हटलं की फक्त मे महिन्याचं ऊन आठवतं. डिसेंबर-जानेवारीतली इथली पहाट त्यांनी पाहिलेली नसते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तलावाच्या काठावर तर वारा वेगळाच. त्या थंडीत अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर आणि लोकरीचा स्वेटर यातला फरक सांगावा लागत नाही. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरून ठेवते.

बाबांना पिवळा रंग आवडतो. मला त्यात छातीवर लाल पट्टे हवे होते. आणि हे दोन्ही रंग एकाच झाडाकडून घेता येतात, हे मला कळलं तेव्हापासून तो स्वेटर माझ्या डोक्यात तयारच होता. ते झाड पळस. त्याच्या फुलांतून पिवळा रंग निघतो. आणि त्याच्याच फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो, त्या लाखेतून लाल. लाखेच्या किड्याचे आपल्याकडे दोन मुख्य प्रकार. कुसुमाच्या झाडावर वाढतो तो कुसुमी आणि पळसावर, बोरीवर वाढतो तो रंगीनी. पूर्व विदर्भात पळसाला तोटा नाही. उमरेड, कुही, भिवापूर कुठल्याही बाजूला फेब्रुवारीच्या शेवटी निघा, बांधाबांधावर झाडं पेटलेली दिसतात, अंगावर एक पान नसतं.

रंगवायला बसण्याआधी लोकरीची तयारी करावी लागते आणि घाई करणाऱ्यांचं काम बिघडतं ते इथेच. गुंडा तसाच पाण्यात टाकला तर आतपर्यंत रंग पोचत नाही, म्हणून आधी त्याच्या लड्या करायच्या. आमच्याकडे हे काम आई, म्हणजे माझ्या सासूबाई, करतात. त्यांचे वडील एम्प्रेस मिल या कापडगिरणीत कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल कित्येक नागपूरकरांच्या घरात अशी कुठे ना कुठे असतेच. आई धागा नुसता बोटांवरून जाऊ देतात आणि सांगतात, ‘हा पीळ सैल आहे, हलवू नको जास्त.’ खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्यांनी लड्या केल्या आणि प्रत्येक लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधली. ती गाठ सैल हवी. घट्ट बांधलं की तेवढी जागा पांढरी राहते.

मग लड्या कोमट पाण्यात, ईझी या लोकरीच्या साबणाचे थोडे थेंब टाकून, अर्धा-पाऊण तास नुसत्या बुडवून ठेवल्या. चोळायच्या नाहीत, पिळायच्या नाहीत. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात ते उघडतात आणि हलवाहलव झाली की एकमेकांत अडकून बसतात. मग लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट गुंतलेला थर, होतो, तो पुन्हा सुटत नाही. गरमातून एकदम गार पाण्यात टाकली तरी तेच. ज्या तापमानाच्या पाण्यातून लडी बाहेर काढली, त्याच तापमानाच्या पाण्यात ती पुढे जायला हवी, हा एक नियम पाळला तर बाकीचं बरंच माफ होतं.

रंग टिकावा म्हणून लोकरीला आधी तुरटी द्यावी लागते, ती किराणा दुकानातली चालते. लोकरीच्या वजनाच्या बारा टक्के, म्हणजे तीनशे ग्रॅमला ३६ ग्रॅम, आणि तिच्या निम्मं क्रीम ऑफ टार्टर, १८ ग्रॅम. हे दुसरं बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्याने लोकरीचा मऊपणा टिकतो आणि रंग उजळ येतो. दहा लिटर पाण्याचा स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, मी रंगासाठी वेगळाच ठेवलाय. तो स्वयंपाकघरात येत नाही आणि स्वयंपाकघरातलं काही त्याच्यात जात नाही, कारण तुरटी आपल्या ओळखीची असली तरी लोह, लाख, आणखी काय काय त्या गंजात शिजतं. शेगडी गच्चीवर. तुरटीच्या पाण्यात लड्या सोडून, तासभर घेऊन पाणी हळूहळू ८०-८५ अंशांवर आणायचं, म्हणजे वाफा येतात, तळाशी बुडबुडे धरतात, पण उकळी फुटत नाही. तिथे तासभर ठेवायचं आणि त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ द्यायचं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम लोकरीला चिकटतं आणि पुढे रंग त्या अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतो. तुरटी न लावता रंगवलं तर पहिल्या दोन धुण्यांत बराचसा पिवळा मोरीत जातो.

फुलं आम्ही कुहीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकरीदादांच्या बांधावरून वेचली. झाडावरची तोडली नाहीत. पळसाखाली सकाळी सडा पडलेला असतो, तोच पुरतो. वाळल्यावर फुलं अगदी हलकी होतात, म्हणून ओली असताना पोती भरून आणावी लागतात. त्यांचे काळपट मखमली देठ, म्हणजे फुलाखालची वाटी, काढून टाकायची. ती राहिली तर पिवळ्यात मळकट झाक येते. देठ खुडायला घरातले सगळे बसले. आत्याबाई होळीला आल्या होत्या, त्यांनी त्यांच्या लहानपणची आठवण काढली की होळीच्या आदल्या दिवशी त्यांच्या आई तांब्याच्या हंड्यात ही फुलं उकळायच्या, चिमूटभर चुना टाकायच्या आणि धुळवडीला तोच रंग. चुन्याची ती गोष्ट मी मनात ठेवली. पुढे ती कामी आली.

लाल पट्ट्यांसाठी साठ ग्रॅम लोकर बाजूला काढली, उरलेली २४० ग्रॅम पळसाला. वाळलेली फुलं मी लोकरीच्या वजनाइतकी घेते. ती रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी तासभर मंद आचेवर ठेवली आणि धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली. पाकळीचा एक तुकडासुद्धा मागे राहू नये, नाहीतर तो लोकरीत अडकतो आणि विणताना बोटाला टोचत राहतो. गाळलेलं पाणी गडद केशरी दिसतं. ओली लोकर त्यात सोडली आणि पुन्हा तसंच, हळू तापवणं, तासभर थांबणं. बाबा वर आले, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाले, ‘काय शिजवून राहिली बेटा? वास तर काढ्यासारखा येऊन राहिला.’ तुमचा स्वेटर शिजतोय म्हटलं. ते तिथेच खुर्ची ओढून बसले आणि लांब लाकडी दांड्याने लड्या अलगद दाबत राहिले. मला ते फार आवडलं. ज्याच्यासाठी विणायचं तो माणूस रंगाच्या गंजाशी बसलाय, असं सहसा होत नाही.

ओल्या लोकरीचा रंग नेहमी वाळल्यानंतरच्या रंगापेक्षा गडद असतो. हे ठाऊक नसलं की माणूस गंजातून लडी लवकर बाहेर काढतो. मी रात्रभर आत ठेवली. सकाळी धुऊन गच्चीवर सावलीत दोरीवर टाकली. मार्चमधली इथली कोरडी हवा रंगवणाऱ्याला मोठी सोयीची. संध्याकाळपर्यंत लड्या खडखडीत वाळल्या. रंग उतरला होता तो हळदीसारखा झगझगीत नव्हता. त्यात किंचित तांबूस ऊब होती. हळदीने रंगवणं याहून कितीतरी सोपं असतं, तुरटीचीही गरज नाही, पण हळदीचा पिवळा उन्हात फार लवकर उडतो. घालायच्या कपड्यासाठी मी ती वापरत नाही.

लाखेचं काम निराळ्या स्वभावाचं आहे. इतवारीच्या बाजारात किराणा ओळीच्या बाजूला जडीबुटीच्या दुकानात लाख मागितली तर दुकानदार आधी चपडा काढतो, पातळ, सोनेरी, काचेसारखे चकचकीत पापुद्रे. तो पॉलिशवाल्यांच्या कामाचा. चपडा करताना लाख धुतात आणि आपल्याला हवा असतो तो रंग त्या धुण्यातच निघून गेलेला असतो. म्हणून कच्ची लाख मागायची, काडीला चिकटलेली, तपकिरी-लाल, खडबडीत. दुकानातल्या काकांनी विचारलं, ‘ताई, बांगड्यांचं काम करता का?’ लोकर रंगवते म्हटल्यावर त्यांनी पोतं पुन्हा उघडलं आणि त्यातली जास्त लाल दिसणारी निवडून दिली.

साठ ग्रॅम लोकरीला साठ ग्रॅम लाख घेतली. ती खलबत्त्यात जाडसर कुटली आणि कोमट पाण्यात भिजवली. इथे गरम पाण्याचा मोह टाळायचा. लाखेत रंगही असतो आणि राळही. रंग कोमट पाण्यातही उतरतो, राळ उष्णतेने मऊ होऊन भांड्याच्या तळाला अशी चिकटते की ते भांडंच टाकून द्यावं लागतं. हात घालता येईल इतपतच पाणी तापवायचं, ढवळत राहायचं, ते पाणी काढून घ्यायचं, पुन्हा नवं पाणी घालायचं. चार-पाच पाण्यांत लाखेचा रंग उतरतो आणि खाली बदामी राळ राहते. सगळी पाणी एकत्र करून दोन पदरी फडक्यातून गाळली, की मग ते गरम करायला हरकत नाही.

लाखेचा लाल पाण्याच्या स्वभावावर हलतो. आंबटपणा वाढला तर शेंदरीकडे जातो, सोड्याचा अंश आला तर जांभळ्याकडे. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतं, त्यात रंगवलेला नमुना वांगी रंगाकडे झुकला. नळाच्या पाण्यात, चिमूटभर जास्त क्रीम ऑफ टार्टर घालून रंगवलेला नमुना खरा लाल आला, डाळिंबाच्या दाण्याचा. दोन्ही नमुने सुंदर होते. पळसाच्या पिवळ्याशेजारी ठेवून पाहिले आणि नळाच्या पाण्याचा घेतला. ज्यांना लाखेनं रंगवायचंय त्यांनी आधी चार इंच धागा आपल्या घरच्या पाण्यात रंगवून बघावा, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे.

दोन्ही रंगांच्या धाग्यांचा एकेक झुपका पुठ्ठ्यावर गुंडाळून, अर्धा भाग झाकून, दक्षिणेच्या खिडकीत ठेवला. उन्हाळाभर तो तिथे होता. लाखेचा लाल झाकलेला आणि उघडा जवळजवळ सारखाच राहिला. पळसाचा उघडा भाग फिकटला, कोवळ्या गवताच्या काडीसारखा झाला. वाईट दिसत नाही, पण फिकटला हे खरं. पळस वापरायचा तर हे पत्करून वापरायचा. स्वेटर सावलीत वाळवायचा आणि उन्हाळ्यात कपाटात, अंधारात ठेवायचा. बाबांना मी तो पुठ्ठा दाखवला. ते म्हणाले, ‘माणूसही फिकट होते, स्वेटर झाला तर काय होते.’

रासायनिक रंगांना नावं ठेवणारं बोलणं मला पटत नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किनला इंग्लंडमध्ये क्विनाईन करता करता जांभळा रंग सापडला, त्यानंतर काही वर्षांतच मंजिष्ठेसारख्या झाडांतला लाल कारखान्यात तयार होऊ लागला आणि साध्या घरातल्या माणसांच्या अंगावर पक्के, उजळ रंग आले. लोकरीसाठी अ‍ॅसिड डाय म्हणून मिळतात, ते व्हिनेगरच्या पाण्यात अर्ध्या तासात बसतात आणि सहसा जात नाहीत. भाचीच्या शाळेच्या स्वेटरला मी तेच वापरते. पण त्या रंगाला ऋतू नसतो. पळसासाठी मला फेब्रुवारीची वाट बघावी लागते. झेंडूसाठी दसऱ्यानंतरचे दिवस, जेव्हा दारावरची तोरणं उतरतात आणि सीताबर्डीच्या फुलबाजारात उरलेली फुलं पडून असतात. डाळिंबाची सालं मात्र वर्षभर साठतात, त्यांचा पिवळा चांगला टिकतो आणि लोहाच्या पाण्यात बुडवला की हिरवट करडा होतो. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात अशाच रंगांतली खादी हातात घेऊन पाहिली, तेव्हा हे रंग नाजूक असतातच असं नाही याची खात्री पटली. संग्रहालय १९३८ पासूनचं. नागपूरहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं, जरूर जावं.

एप्रिल लागला की लोकर मांडीवर घेणं शक्य नसतं. पारा ४३-४४ ला पोचतो, दुपारी कूलर लावून अंधाऱ्या खोलीत बसावं लागतं. तेव्हा माझं काम दुसुतीवर चालतं, फुलीच्या टाक्यांचं. या वर्षी तिथेही पळसच घेतला, आणि धागाही घरी रंगवलेला.

सुताला लोकरीसारखा सहज रंग धरत नाही. लोकर प्राण्याची, सूत झाडाचं, दोघांची घडण वेगळी. सुताला आधी हिरड्याचं पाणी द्यावं लागतं. हिरड्याची पूड सुताच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकी घेऊन, पाण्यात भिजवून, त्यात धागे रात्रभर ठेवायचे, वाळवायचे, मग तुरटी, मग पळस. पांढऱ्या सहापदरी धाग्याच्या लड्या घेतल्या. पहिला रंग फिकट पिवळा आला. तेव्हा आत्याबाईंचा चुना आठवला. लोकरीला चुना सोसत नाही, सुताला सोसतो. चुन्याच्या निवळीत काही क्षण बुडवलेले धागे डोळ्यांदेखत केशरी झाले, अगदी झाडावरच्या पाकळीकडे जाणारे. लगेच भरपूर पाण्यात धुतले.

भरतकामातल्या फुलांच्या देठांसाठी काळा धागा हवा होता. तो हिरड्यातूनच येतो. बरणीत गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी घालून गच्चीच्या कोपऱ्यात काही आठवडे आंबत ठेवलं होतं. कलमकारीतला काळा अशाच पाण्याने काढतात. हिरडा दिलेला धागा त्यात घातला की करडा होतो, हवेला वाळवून पुन्हा घातला की काळवंडतो. जास्त वेळ मात्र ठेवू नये, लोहाने सूत कमजोर होतं.

नमुना मी चौकटीच्या वहीवर स्वतः काढला. पळसाची एक फांदी, सहा फुलं, पान एकही नाही. कापडाला एका इंचात १४ घरं, फांदीची लांबी १४० घरं, म्हणजे काम दहा इंचांचं. कापड चार घड्या घालून मध्यबिंदू काढला आणि तिथून सुरुवात केली. सहा पदरांतला एकच लांब पदर घेऊन तो दुहेरी केला, दोन्ही टोकं सुईत ओवली, पहिल्या टाक्याला मागच्या बाजूच्या फाशातून सुई काढली, की गाठीशिवाय धागा बसतो आणि पाठ स्वच्छ राहते. वरचा पाय सगळ्या फुल्यांचा एकाच दिशेला. एवढं सांभाळलं की कापडावर उजेड सारखा पडतो.

पण घरी रंगवलेल्या धाग्याने मला माझी एक सवय बदलायला लावली. दुकानातल्या एकसारख्या रंगाच्या धाग्याने काम करताना मी ओळभर अर्धे टाके घालत जायचे आणि परत येताना फुल्या पुऱ्या करायचे. हात भराभर चालतो. घरच्या धाग्यात मात्र रंग वीतभरानं बदलतो, इथे गडद, तिथे पिवळसर. जाऊन-येऊन केलं तर एकाच फुलीत एक पाय गडद, एक फिकट होतो आणि पाकळी ठिपक्या-ठिपक्यांची दिसते. एकेक फुली तिथल्या तिथे पुरी करत गेले तर गडद फुल्यांशेजारी गडद, फिकटशेजारी फिकट येतात आणि रंग पाकळीवरून सरकत जातो. खऱ्या पाकळीतही तो टोकाकडे असाच सरकतो. वेळ जास्त लागतो, पण तो वेळ द्यावा. ज्यांनी फक्त विकतच्या धाग्याने भरतकाम केलंय, त्यांनी एकदा तरी असा अर्धामुर्धा रंगलेला धागा हातात घेऊन बघावा.

दुपारी घामेजलेले हात दर थोड्या वेळाने धुवावे लागतात, कापडाला डाग धरतो. कूलरसमोर बसलं की रिंगमधलं कापड दमट होऊन सैल पडतं, पुन्हा ताणावं लागतं. हे सगळं करूनही मे महिन्यातली ती दुपारची दीड तासाची बैठक मला दिवसातली सगळ्यात आवडती होती. आई शेजारी सरोते घेऊन सुपारी कातरत बसायच्या आणि मधूनमधून मागची बाजू उलटून बघायच्या. पाठ स्वच्छ असली की काही बोलायच्या नाहीत.

पोळा झाला, हवा जरा उतरली, तेव्हा सुया काढल्या. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. बॉर्डरला दहा नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि अंगाला आठ नंबर, चार मिलिमीटर. आधी हातभर नमुना विणला, धुतला, वाळवला आणि मग मोजला. एका इंचात साडेपाच टाके. न धुता मोजलं तर फसगत होते, कारण लोकर पहिल्या धुण्यात पसरते. बाबांची छाती चाळीस, आतल्या शर्टासाठी दोन इंच जास्त, एकूण घेर ४२. साडेपाचने गुणलं तर २३१. पुढचा आणि मागचा भाग ११६-११६ टाक्यांचा, दोन्हीकडे शिवणीचा एकेक टाका, म्हणजे ११८. दोन सुलट, दोन उलटच्या बॉर्डरला चारच्या पटीत अधिक दोन लागतात, ते ११८ मध्ये बरोबर बसतं. असं बसलं की मला फार बरं वाटतं.

इथेही रंगाने विणकामात हात घातला. २४० ग्रॅमच्या लड्या एकाच गंजात, एकाच वेळी रंगवल्या होत्या, तरी तळाशी बसलेली लडी जरा गडद आणि वर तरंगणारी जरा उजळ. एक लडी संपवून दुसरी जोडली तर पोटावर स्पष्ट रेघ दिसते. म्हणून दोन लड्यांचे दोन गुंडे घेऊन दोन ओळी एकाच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या, असं काखेपर्यंत विणत गेले. कडेला धागा घट्ट ओढायचा नाही, नाहीतर कड आखडते. दूरून बघितलं तर फरक दिसत नाही. जवळून पिवळ्यात एक हलकी लहर दिसते. फुली असो की सुलट टाका, मी कशी विणते ते आता गंजात ठरतं.

लाल पट्टे छातीवर, तीन. ते घालण्याआधी लाल-पिवळ्याचा एक लहान चौकोन विणून, ओला करून, पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवला. सकाळी फडकं पांढरंच होतं, तेव्हाच पट्टे सुरू केले. गळा व्ही आकाराचा. मधला टाका सेफ्टी पिनवर ठेवून दोन्हीकडे एक ओळ सोडून एकेक टाका घटवत गेले. काखेचे टाके, खांदे, शिवण, मग गळ्याची पट्टी. यात सांगण्यासारखं नवीन काही नाही, ज्यांनी विणलंय त्यांना माहीत आहे. विणकामाची जागा म्हणजे संध्याकाळी सातनंतरचा दिवाण. एखाद्या दिवशी चारच ओळी व्हायच्या. ओळ अर्धी सोडायची नाही एवढं मात्र पाळते, कारण अर्ध्या ओळीवर सुया ठेवल्या की तिथले टाके ताणून मोठे राहतात.

डिसेंबरात स्वेटर तयार झाला. दर हिवाळ्यात शहरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, तिथे मी धागे बघायला हटकून जाते. या वेळी बाबा तोच घालून सोबत आले. दुकानातल्या दीदींनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला, कड उलटून आतली बाजू बघितली आणि हिंदीत विचारलं, हा लाल लाखेचा आहे का. त्यांच्या आजीच्या गालिच्यात हाच लाल होता म्हणाल्या. मग दोघी तिथेच उभ्या राहून किती वेळ पाण्याबद्दल, आचेबद्दल बोलत राहिलो, आणि बाबा गिऱ्हाइकांना वाट करून देत बाजूला थांबले.

लाखेचं पाणी एका रंगवणीत संपत नाही. साठ ग्रॅम लाल काढल्यावर त्याच गंजात तुरटी दिलेली आणखी पन्नास ग्रॅम लोकर टाकली होती, ती गुलाबी निघाली. तिच्यानंतर पुन्हा थोडी टाकली, ती अगदी कोवळी गुलाबी. नणंदेला फेब्रुवारीत बाळ होणार आहे. त्या गुलाबीचं टोपडं दहा नंबरच्या सुयांवर घेतलंय, कानपट्ट्या झाल्या आहेत, नाड्या आई वळून देणार आहेत. तळव्यांना लोकर टोचू नये म्हणून मोज्यांसाठी सूत घेणार आहे, आणि त्याला हिरडा देऊन ठेवलाय. पळस फुलेपर्यंत तो तसाच थांबेल.